‘तिन्ही नेटवर्क चालतात, काकू’ : पाहुण्यांसाठी घेतलेल्या ई-सिमचा अनुभव

परवा मोबाइलवर ई-सिमची तीच जाहिरात पुन्हा दिसली. विमानाचं चित्र, खाली ‘भारतात कुठेही, तिन्ही नेटवर्क, अनलिमिटेड’. विकणाऱ्याचं नाव तेवढं बदललेलं. जानेवारीत या जाहिरातीपायी आमचे ३,८०० रुपये गेले, आणि सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पाऊण तास जीव टांगणीला लागला तो वेगळाच. तुमच्याकडे परदेशातून कुणी येणार असेल तर हे आधी वाचा.

माझी भाची न्यू जर्सीत असते. सात वर्षांनी ती, जावई आणि पाच वर्षांची नात सिद्धेश्वराच्या यात्रेला यायचे ठरले. तिथल्या कंपनीचं रोमिंग घेतलं तर एका फोनला रोजचे दहा-बारा डॉलर. दोन फोन, पंधरा दिवस. हिशेब ऐकून मीच म्हटलं, थांबा, इथून काहीतरी बघते. इथलं साधं सिम घालून द्यावं तर तेही जमेना. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा कप्पाच नसतो. ई-सिमच लागतं, म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्येच सुरू होणारं सिम.

जाहिरातीतल्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं. मुलगा फार गोड बोलायचा. मी त्याला रेंजचं तीन-तीनदा विचारलं, कारण आमचं घर मला माहीत आहे. कसब्यातलं जुनं माळवदाचं घर, भिंती दीड हात जाड. एका कंपनीची रेंज स्वयंपाकघरापर्यंत येते, दुसरीची जिन्यापर्यंत, तिसरीसाठी थेट माळवदावर जावं लागतं. घरातल्या प्रत्येकानं त्याप्रमाणेच कार्ड निवडलंय. त्याचं उत्तर ठरलेलं : ‘काकू, तिन्ही नेटवर्क चालतात. ज्याची रेंज असेल ते फोन आपोआप धरतो.’ पण कंपन्यांची नावं लिहून द्या म्हटलं की विषय बदलायचा. मी तिथंच थांबायला हवं होतं. यूपीआयनं पैसे पाठवले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. बदल्यात दोन क्यूआर कोडची चित्रं आली. बिल नाही, पत्ता नाही.

मुंबईत उतरल्यावर सगळं चाललं. गाडीतही बऱ्यापैकी चाललं. घरात पाऊल टाकलं आणि दोन्ही फोनवर ‘नो सर्व्हिस’. भाची म्हणाली, थोडा वेळ लागत असेल. रात्रीपर्यंत तसंच. मग जावयांनी जिन्यात बसून सेटिंगमधलं नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वरून काढलं. शेजारी बसून मी बघत होते. चक्र फिरत राहिलं आणि एकेक कंपनीचं नाव येत गेलं. आपल्याकडच्या सगळ्या कंपन्या यादीत होत्या. एकीवर बोट ठेवलं, नकार. दुसरीवर, नकार. जी एकच लागली ती नेमकी आमच्या माळवदावर जाऊन धरावी लागणारी.

जावयांनी मग मला समजावून सांगितलं. प्रवासाचं ई-सिम म्हणजे कुठल्या तरी बाहेरच्या कंपनीचं रोमिंगचं कार्ड. त्या कंपनीचा इथल्या ज्या नेटवर्कशी करार असेल तेवढंच तुम्हाला मिळतं. बाकीची फोनला दिसतात, पण आत घेत नाहीत. मोठ्या शहरात एका नेटवर्कवर भागून जातं. आपल्या गावात गल्ली बदलली की रेंज बदलते, तिथं ‘भारतात कुठेही’ या शब्दांना काही अर्थ नाही. नेटवर्कचं नाव कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘अनलिमिटेड’ही तसंच निघालं. दिवसाला एक जीबी झाला की वेग इतका उतरायचा की नकाशाही उघडेना. आणि मुदत? ‘निघण्याआधी तिथेच स्कॅन करून ठेवा’ असं त्यानं सांगितलं होतं. भाचीनं दोन दिवस आधी स्कॅन केलं आणि पंधरा दिवस तिथूनच मोजायला लागले. काही कार्डांची मुदत स्कॅन केल्यापासून धरतात, काहींची इथल्या नेटवर्कला जोडल्यापासून. हे विचारून घ्यायचं असतं.

खरा घोर लागला तो अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी. हा सोहळा होतो त्या संमती कट्ट्याकडे मुंगी शिरायला जागा नव्हती. नंदीध्वजांच्या उंच काठ्या नीट दिसाव्यात म्हणून जावयांनी नातीला खांद्यावर घेतलं, दोन पावलं पुढे गेले, मागून लोंढा आला आणि ते दिसेनासे झाले. फोन करायचा तर कुठल्या नंबरवर? त्या ई-सिमला नंबरच नव्हता, फक्त डेटा. अमेरिकेचा नंबर रोमिंग नको म्हणून बंद केलेला. व्हॉट्सॲपवर एकच टिक. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी सिद्धरामाला हात जोडून एका जागी उभी राहिले, कारण दोघी हललो असतो तर आणखी चुकामूक झाली असती.

सकाळी निघताना मी नातीच्या फ्रॉकच्या खिशात चिठ्ठी ठेवली होती, घराचा पत्ता आणि माझा नंबर. आमची आई यात्रेला नेताना असंच करायची. बाराबंदी घातलेल्या एका मुलाचा फोन मागून जावयांनी त्या नंबरवर फोन लावला. चौथ्यांदा लागला. एवढ्या गर्दीत टॉवरवर ताण येऊन सगळ्यांचेच फोन अडकतात, त्याचा दोष मी त्या कार्डाला देणार नाही. पण इथला नंबर असता तर निदान प्रयत्न तरी करता आला असता.

रात्री मी ई-सिम विकणाऱ्या त्या मुलाकडे पैसे परत मागितले. ‘क्यूआर स्कॅन झाला की परत नाही, काकू.’ मी सोडेना, तेव्हा म्हणाला, ‘दुसऱ्या नेटवर्कचं करून देतो. तुमच्या नंबरवर एक मेसेज येईल, तो मला पाठवा.’ मेसेज आला. मी पाठवणारच होते, जावयांनी फोन हातातून काढून घेतला. मेसेज माझ्याच कंपनीचा होता, माझा नंबर ई-सिमवर बदलण्याबद्दलचा. तो पुढे गेला असता तर माझं कार्ड बंद पडून नंबर त्याच्या फोनवर सुरू झाला असता. बँकेचे ओटीपी त्याच्याकडे. माझं पेन्शनचं खातं त्याच नंबरला जोडलेलं आहे. असा मेसेज कुणालाही, कसल्याही कारणासाठी पाठवू नका. आणि फोनची रेंज अचानक गेली, बराच वेळ आली नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलो. जावयांचा पासपोर्ट भारतीय, आधार होतं, त्यामुळे इथल्या नंबरचं ई-सिम मिळालं. कंपनी निवडली ती आमच्या स्वयंपाकघरात रेंज येणारी. परदेशी पासपोर्ट असेल तर पासपोर्ट-व्हिसा घेऊन दुकानातच विचारा. फोन परदेशातल्या कंपनीला लॉक नाही ना, म्हणजे फक्त तिचंच सिम घेणारा नाही ना, हे मात्र निघण्याआधी बघायला सांगा. आयफोनच्या ‘अबाउट’मध्ये ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात, तेही बघा. पण नकाशाला भिंती कळत नाहीत. पाहुणे ज्या खोलीत झोपणार तिथं शेजाऱ्यांचे दोन-तीन फोन नेऊन बघणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

परदेशी ई-सिम इथं विकायला सरकारची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून अशी दोन नावाजलेली ॲप्ससुद्धा ॲपल आणि गुगलच्या स्टोअरमधून भारतापुरती काढली होती. व्हॉट्सॲपवर क्यूआर विकणाऱ्याकडे कसली परवानगी असणार?

मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्याचा तपशील, गप्पांचे स्क्रीनशॉट, दोन्ही क्यूआर सगळं दिलं. तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे अजून नाहीत. नव्या नावाच्या जाहिरातीचीही तक्रार केली. आज सकाळपर्यंत ती दिसत होती.