ऐरोलीतील कॉल सेंटरमध्ये सव्वादोन वर्षे : मराठी प्रोसेसच्या नोकरीचे परीक्षण

एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकसेवा केंद्रात, मराठी प्रोसेसमध्ये, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या विभागात, मी सव्वादोन वर्षे काम केले. हे केंद्र ऐरोली स्थानकाजवळच्या कार्यालयीन संकुलात होते. कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा येथून निघून ठाण्याला गाडी बदलून येणारी, बारावी झालेली किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली तेथे मोठ्या संख्येने होती. अशा नोकरीचा विचार करणाऱ्यांना आत काय असते ते आधीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे. येथील प्रशिक्षण चांगले आहे, सोबत काम करणारी माणसे चांगली मिळतात आणि पगार ठरलेल्या तारखेला होतो. मात्र कामाचे मोजमाप ज्या पद्धतीने केले जाते, त्या पद्धतीत ग्राहकाचे काम शेवटपर्यंत नेणारा कर्मचारी मागे पडतो, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

प्रशिक्षण महिनाभर चालले. सिमकार्ड, पोर्टिंग (क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलणे), रिचार्जचे प्रकार, नको असलेली मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठीचा १५५२२३ हा क्रमांक, तक्रारीसाठीचा १९८, प्रत्येक तक्रारीला द्यावयाचा डॉकेट नंबर हे सर्व आमच्याकडून इतके घटवून घेतले की आजही ते झोपेत विचारले तरी सांगता येईल. त्यानंतरचे दोन आठवडे एका जुन्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून, वाय-जॅकने त्याच्याच कॉलला जोडलेला हेडसेट लावून, नुसते ऐकायचे होते. समोरचा माणूस चिडलेला असताना आपला आवाज खाली ठेवायचा, त्याचे वाक्य मध्येच तोडायचे नाही आणि त्याने न सांगितलेली अडचण प्रश्न विचारून बाहेर काढायची, हे मी त्या दोन आठवड्यांत शिकले. या शिक्षणासाठी मी त्या केंद्राची ऋणी आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र मला सतत त्रास झाला. आम्हाला दिलेली स्क्रिप्ट हिंदीवरून उतरवलेली होती, हे पहिल्याच वाक्यावरून कळत असे. ‘मी आपली काय सहाय्यता करू शकते’, ‘लाइनवर बनून राहिल्याबद्दल धन्यवाद’ अशी वाक्ये मराठी म्हणून दिवसातून शंभर वेळा उच्चारावी लागत. फोन करणारा माणूस अकोल्याचा असे, साक्रीचा असे, कणकवलीचा असे. तो आपल्या बोलीत, आपल्या गतीने बोलत असे आणि आमची छापील वाक्ये ऐकून क्षणभर गप्प होत असे, कारण आपल्याशी माणूस बोलतो आहे की ध्वनिमुद्रण चालू आहे, हे त्याला कळत नसे. बहुतेक जण आम्हाला ‘ताई’ म्हणत, वयस्क बायका ‘पोरी’ किंवा ‘बाई’ म्हणत. उत्तरात मात्र ‘सर’ आणि ‘मॅडम’ हीच संबोधने वापरण्याचा नियम होता. सत्तरीच्या एका गृहस्थांना मी ‘काका, घाबरू नका, पैसे परत येतील’ असे म्हटले, तर त्या आठवड्याच्या क्वालिटी ऑडिटमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित कॉल ऐकून गुण देण्याच्या तपासणीत, ‘अव्यावसायिक संबोधन’ म्हणून माझे गुण कापले गेले. त्या वाक्यानंतर काकांचा आवाज शांत झाला होता, हे ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येत होते. मराठी प्रोसेस चालवायची असेल, तर तिची स्क्रिप्ट मराठीत विचार करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावी, हे मी टीम लीडरला दोनदा लेखी कळवले. त्यांनी ते वरती पाठवलेही, पण स्क्रिप्ट होती तशीच राहिली.

आता मोजमापाविषयी. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, हा आमच्या कामाचा पाया होता आणि त्याचे लक्ष्य २४० सेकंदांचे होते. आठ तासांचे लॉगिन म्हणजे २८,८०० सेकंद. कॉल अखंड येत राहिले तर हिशेबाने १२० होतात, प्रत्यक्षात ते ९० ते १०० होत. पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला उठायचे, तर संगणकावर ऑक्स, म्हणजे आपल्याकडे येणारे कॉल तात्पुरते थांबवणारी खूण, लावावा लागे आणि गर्दीच्या वेळी त्यासाठी परवानगी घ्यावी लागे. सुरुवातीला मला हा टीम लीडरचा जाच वाटत असे. पुढे मनुष्यबळाचे नियोजन करणाऱ्या विभागातील एका सहकाऱ्याने त्यामागचे गणित समजावून दिले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये प्रतीक्षेविषयीची जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांच्याच आधारे आजही दर अर्ध्या तासाला किती माणसे लागतील हे ठरवले जाते. माणसे मोजकी असतील, तर जागेवरून उठणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ग्राहकांची प्रतीक्षा आधीपेक्षा अधिक वेगाने वाढत जाते. त्यातच ९५ टक्के कॉलना ९० सेकंदांच्या आत कर्मचाऱ्याने उत्तर द्यावे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, निकष कंपनीवर असतो. म्हणजे दोष टीम लीडरचा नव्हता. रोस्टरच, म्हणजे कोणी केव्हा कामावर असायचे याचा तक्ताच, इतका काटेकोर आखलेला होता की एका माणसाच्या पाच मिनिटांसाठीही त्यात जागा नव्हती. अधिक माणसे घेणे हाच यावरचा उपाय आहे आणि तो खर्चाचा असल्यामुळे त्याचा भार बसलेल्या माणसाच्या मूत्राशयावर टाकला जातो, हे मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

या पद्धतीने नेमके काय होते, ते एका कॉलवरून सांगते. जालना जिल्ह्यातील एका गावातून एका बाईंचा शेजारणीच्या फोनवरून कॉल आला. मुलाने खेळताना तीनदा चुकीचा पिन टाकल्यामुळे त्यांचे सिम बंद झाले होते आणि ते उघडण्यासाठी आठ अंकी पीयूके क्रमांक हवा होता. चुकीचा पीयूके दहा वेळा टाकला गेला, तर ते सिम कायमचे निकामी होते, म्हणून अंक नीट उतरवून घेतले जाणे महत्त्वाचे होते. सिम सासऱ्यांच्या नावावर होते आणि नोंदणीकृत ग्राहकाशी बोलल्याशिवाय पीयूके देता येत नाही. हा नियम योग्यच आहे. ‘ताई, फोन ठिवू नका, मामांजी मळ्यात हायेत, बोलवून आणते,’ असे म्हणून त्या धावत गेल्या. नियमाप्रमाणे मी त्यांना नंतर पुन्हा फोन करण्यास सांगून कॉल संपवायला हवा होता. पण शेजारणीचा फोन त्यांना पुन्हा केव्हा मिळेल, हे मला माहीत नव्हते, म्हणून मी थांबले. सासरे आले, त्यांनी नाव, पत्ता आणि शेवटच्या रिचार्जची रक्कम सांगितली, बाईंनी खडूने भिंतीवर आठ अंक लिहून घेतले, ते मला दोनदा वाचून दाखवले आणि सिम सुरू झाले. कॉल ११ मिनिटे चालला. ऑडिटमध्ये दीर्घ शांततेचे आणि होल्डचा नियम मोडल्याचे गुण गेले, त्या दिवसाची सरासरी बिघडली आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह थोडक्यात हुकला. ग्राहकाचे काम पहिल्याच कॉलमध्ये पूर्ण झाले, याची नोंद करण्यासाठी त्या ऑडिटच्या तक्त्यात रकानाच नव्हता. माझ्याच रांगेत बसणारे काही जण अवघड कॉल आला की ‘आवाज येत नाही’ असे सांगून तो सोडून देत, आणि त्यांची सरासरी उत्तम असे. त्यांना मी दोष देत नाही; घरचे हप्ते त्यांनाही होते.

शिवीगाळ होते, आणि तिची सवय होते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. माझ्या बाबतीत ती सवय कधी झाली नाही. दोनदा बजावूनही शिव्या थांबल्या नाहीत तर कॉल बंद करण्याची मुभा आम्हाला होती, आणि तसा कॉल झाल्यावर शेजारचा सहकारी न विचारता पाण्याची बाटली पुढे सरकवत असे. डब्यातली भाजी वाटून खाणे, आजारी मैत्रिणीशी वीक ऑफ बदलून घेणे, नव्या मुलाला दुसऱ्या दिवशीच्या कॉलसाठी धीर देणे या गोष्टी कोणीही शिकवल्या नव्हत्या, तरी त्या रोज घडत होत्या. नोकरी सोडताना मला वाईट वाटले ते या माणसांमुळे.

हाती १६ हजार रुपये येत, इन्सेंटिव्ह वेगळा. शिक्षण पुरे करताना वर्ष-दीड वर्षासाठी मी ही नोकरी कोणालाही सुचवेन. त्यापुढे राहायचे असेल, तर क्वालिटी, प्रशिक्षण किंवा नियोजन यांपैकी एखाद्या विभागात अंतर्गत बदली मिळते का, हे मुलाखतीतच विचारावे, आणि इन्सेंटिव्हच्या अटी लेखी मागाव्यात, कारण एका चुकीने संपूर्ण महिन्याची रक्कम जाते की काही भाग, हे तोंडी सांगितलेले पुढे बदलते. मुलींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि तिच्या सुरक्षिततेची व प्रवासाची सोय कंपनीने करावी लागते. आमच्याकडे ही संमती रुजू होण्याच्या दिवशी पंधरा-वीस कागदांच्या गठ्ठ्यात घालून घेतली गेली आणि माझ्या तुकडीतील बहुतेकींनी तो कागद न वाचताच सही केली. तो कागद बाजूला काढून वाचावा आणि रात्रीची गाडी घराच्या दारापर्यंत सोडते की मुख्य रस्त्यापर्यंत, हे विचारून घ्यावे. आमची गाडी नाक्यावर सोडत असे आणि तेथून घरापर्यंतची दहा मिनिटे माझे वडील रोज रात्री हातात बॅटरी घेऊन माझ्यासोबत चालत असत.