खारं पाणी सोडायचं कसं: सरळ पाइप की डिफ्युझर?

समुद्राचं पाणी गोड करायचा विषय निघाला की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न हाच, उरलेलं खारं कुठं सोडणार? किनाऱ्यालाच सरळ पाइप सोडणं स्वस्त, पण समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ अन् ह्या उरलेल्या पाण्यात जवळपास दुप्पट, मग ते जड पाणी मिसळायच्या आधीच तळाशी पसरतं आणि भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत तर जरा मीठ वाढलं तरी खुरटतं. वाळवा-मिरजेची क्षारपड रानं बघितलेल्याला काय सांगायचं!

डिफ्युझरमध्ये खोल पाण्यात नोझलमधून वर जोरात फवारा, पटकन मिसळतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला असंच केलंय. पंपाची वीज जादा लागते, तरी मी हाच घेईन. पण बंदिस्त खाडीत ह्याचाही भरवसा नाही, आणि पाणी ओढताना माशांची अंडी-पिल्लं मरतात ती दोन्हीकडं मरतातच.