फिरवायची किल्ली की दाबायचं बटन?

गाडीच्या किल्ल्यांची ही तुलना दोघींची नाही, तिघींची आहे. पहिली साधी धातूची किल्ली. दुसरी डोक्यात चिप असलेली; तिच्यावर बहुतेक वेळा लॉक-अनलॉकची बटनंही असतात, पण इंजिन सुरू करायला ती फिरवावीच लागते. तिसरी स्मार्ट की, म्हणजे खिशातच राहणारा छोटा रिमोट (फॉब) आणि डॅशबोर्डवरचं स्टार्ट बटन. पहिल्या दोघी दिसायला सारख्या, म्हणून लोक दोघींनाही 'जुनी किल्ली' म्हणून मोकळे होतात. चोराला मात्र दोघींतला फरक पक्का ठाऊक असतो.

(बटन म्हणजे नवलाई, असंही नाही. १९१२ मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणला. त्यानंतर कित्येक वर्षं बऱ्याच गाड्यांत किल्लीने फक्त इग्निशन चालू व्हायचं. स्टार्टर वेगळ्या बटनाने किंवा पायाने दाबावा लागायचा. किल्ली फिरवली की स्टार्टरही फिरेल, ही सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये दिली.)

चिपवाल्या किल्लीतली गंमत अशी की चिपला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. किल्ली 'ऑन'वर नेली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इमोबिलायझर इंजिन चालू राहू देत नाही. त्यामुळे रिमोटचा सेल मेला तर दार हाताने उघडावं लागतं, एवढंच. गाडी सुरू होते. दात हुबेहूब कापलेली पण चिप नसलेली डुप्लिकेट किल्ली दार उघडते आणि पुढे काहीच करत नाही.

चिप नसली तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. साधारण २०११ ते २०२२ या काळातल्या किआ आणि ह्युंदाईच्या बऱ्याच फिरवायच्या किल्लीच्या मॉडेल्समध्ये इमोबिलायझर नव्हता. स्टिअरिंगखालचं कव्हर तोडायचं, कुलूप उपटायचं आणि आतला खुंट यूएसबी केबलच्या टोकाने फिरवायचा. व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. त्याच कंपन्यांच्या पुश बटनवाल्या गाड्यांत इमोबिलायझर होता, त्यामुळे त्यांच्यावर ही युक्ती चालली नाही.

फिरवायच्या किल्लीचं खरं दुखणं झिजेचं आहे. कुलपातल्या पातळ पत्र्या आणि किल्लीचे दात दोन्ही झिजतात. मग किल्ली थोडी बाहेर ओढली तरच फिरते, किंवा फिरवल्यावर निघत नाही. अशा वेळी रोजच्या किल्लीवरून नक्कल काढू नका, झीजही जशीच्या तशी उतरते. कपाटातल्या कमी वापरलेल्या किल्लीवरून किंवा की-कोडवरून (मूळ दातांची मापं सांगणारा क्रमांक) कापून घ्या. कुलपात स्वयंपाकाचं किंवा इंजिनचं तेल सोडू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो; कोरडी ग्रॅफाइट पूड चालते. नवी गाडी असूनही किल्ली हलत नसेल तर बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक ताणलेलं असतं. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवा. जोर लावला तर पातं कुलपात मोडतं.

आणि जुडगा. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये काही मॉडेल्सचे इग्निशन स्विच परत मागवले. स्विचची पकड ढिली होती. जड जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. शंभराहून अधिक मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला गेला. घर, कपाट, दुकान सगळ्यांच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीला लटकवायची सवय चांगल्या स्विचलाही झिजवतेच.

आता बटन. दाराच्या हँडलला हात लावला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते. ती मीटर-दीड मीटरच पोचते. फॉब ४३३ मेगाहर्ट्झवर, काही देशांत ३१५ वर, उत्तर देतो. सगळी सुरक्षितता 'हाक ऐकू आली म्हणजे फॉब जवळच असणार' या गृहीतकावर उभी आहे, आणि तेच कच्चं आहे. एक चोर गाडीपाशी, दुसरा तुमच्या घराच्या भिंतीपाशी; दोघांकडची उपकरणं हाक आणि उत्तर पुढे पोचवतात. कोड फोडावा लागतच नाही. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेल्सवर हे करून पाहिलं. दहाही उघडली आणि सुरू झाली.

यावर खरा इलाज अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्राचा. त्यात संदेश जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजलं जातं, त्यामुळे चोरांनी संदेश मध्येच पुढे पोचवला तर झालेला उशीर उघडा पडतो. दुसरा, हलवला नाही की झोपी जाणारा फॉब. घेताना या दोन्हींबद्दल विचारा. दोन्ही नसतील तर सिग्नल अडवणारं पाकीट वापरा, पण आधी तपासा: फॉब पाकिटात घालून हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट फेकून द्या.

फॉबचा सेल बहुधा सीआर२०३२ असतो: ३ व्होल्ट, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ चा व्यास तोच, पण जाडी २.५; तो बसतो आणि मग सैल राहून अधूनमधून दगा देतो. बदलताना आधी फॉबच्या आत दडवलेलं धातूचं पातं (आणीबाणीची साधी किल्ली) काढा, खाचेत चिकटपट्टी गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून फॉब उघडा, जुन्या सेलची + बाजू कुठे आहे ते बघून ठेवा. संपर्काची पाती वाकवू नका. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, तो कधीकधी संपर्क अडवतो. कोरड्या कापडाने पुसा. जुना सेल लगेच मुलांच्या हातापलीकडे ठेवा. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो.

सेल अचानक मेला तर पात्याने दार उघडा (किल्लीचं भोक अनेकदा हँडलच्या टोपीखाली लपलेलं असतं), ब्रेक दाबा, मॅन्युअल गाडीत क्लच, आणि फॉब थेट स्टार्ट बटनाला टेकवून दाबा. काही मॉडेल्समध्ये त्याची जागा कप होल्डरजवळ किंवा कन्सोलमध्ये असते. इथेही तेच तत्त्व: जवळून चिपला गाडीकडूनच ऊर्जा मिळते. सेल चांगला असूनही 'की सापडत नाही' असं येत असेल तर फॉब वायरलेस चार्जरपासून दूर करा.

बटन दाबल्यावर दिवे लागतात पण स्टार्टर फिरत नाही, ही तक्रार नेहमीची. ऑटोमॅटिक गाडीत कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेक लाइट लागत नसतील तर दोष ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये शोधा; ब्रेक दाबल्याचं गाडीला कळलेलंच नाही. फॉबला बोल लावून उपयोग नाही.

बटनाचा सगळ्यात गंभीर तोटा मात्र बंद करण्यातला आहे. किल्ली काढायचीच नसल्यामुळे माणूस इंजिन चालू ठेवून उतरतो. हायब्रिडमध्ये इंजिन त्या क्षणी शांत असेल तर कळतही नाही, नंतर ते आपोआप सुरू होतं. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडने यातून माणसं गेली आहेत. ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी गाडीच घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. चालत्या गाडीत आणीबाणीने इंजिन बंद करायची पद्धतही गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधीच वाचा. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं, नाहीतर भराभर तीनदा दाबावं लागतं.

निवड आमच्यावर सोपवलीत तर फिरवायची चिपवाली किल्ली पाचपैकी चार, अल्ट्रा-वाइडबँड आणि ऑटो-शटऑफ असलेलं बटन साडेतीन, या दोन्हींविना बटन दोन, आणि चिप नसलेली साधी किल्ली शून्य. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या हातात पडेपर्यंत व्यवहार पुरा करू नका. गाडीच्या मेमरीत किती किल्ल्या नोंदल्या आहेत ते वर्कशॉपमधल्या स्कॅन टूलवर पाहता येतं. तुमच्याकडे दोन आणि मेमरीत तीन असतील, तर आधी सगळ्या पुसून फक्त तुमच्या दोन पुन्हा नोंदवून घ्या.