एम-पेसा: नैरोबीत तीन वर्षं रोज वापरल्यानंतर

केनियाच्या राजधानीत, नैरोबीला येऊन तीन वर्षं झाली आणि इथल्या एका गोष्टीबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ती म्हणजे एम-पेसा, मोबाईलच्या नंबरवर पैसे ठेवायची आणि पाठवायची इथली सोय. भारतातून कुणाचं इकडे यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, तिकडे यूपीआय चालतं का, कार्ड आणू का कॅश आणू. माझं उत्तर ठरलेलं आहे, उतरल्यावर आधी सिम घ्या, एम-पेसा चालू करा, बाकीचं मग बघू. घरभाडं, लाईट बिल, शाळेची फी, मटाटूचं म्हणजे इथल्या वडापचं भाडं, रस्त्यावरची भाजी, सगळं त्यावर होतं.

नाव आधी सांगते. एम म्हणजे मोबाईल आणि पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा. आपलाच पैसा, समुद्र ओलांडून इकडे आलेला. इथे दुकानाला दुका म्हणतात, हिशेबाला हेसाबू, विम्याला बिमा, चहाला चाय. काही शब्द आपल्या बाजूने व्यापाऱ्यांबरोबर आले, काही अरबी-फारसीकडून दोघांकडेही गेले. नवीन देशात, कुणी ओळखीचं नसताना, भाजीवाली 'पेसा' म्हणाली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

चालू करणं सोपं. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं, म्हणजे एम-पेसा चालवणाऱ्या इथल्या टेलिफोन कंपनीचं, सिम घ्यायचं, त्यावरच एम-पेसाचं रजिस्ट्रेशन होतं, चार आकडी पिन ठरवायचा. बँकेचं खातं लागत नाही, हा यूपीआयपेक्षा सगळ्यात मोठा फरक. कोपऱ्यावरच्या हिरव्या पाटीच्या एजंटच्या टपरीत जायचं, नोटा द्यायच्या, तिथली बाई तेवढे पैसे तुमच्या नंबरवर टाकते, मेसेज येतो, झालं. टाकायला काही चार्ज नाही. काढायचे असतील तर त्याच टपरीत ओळखपत्र दाखवायचं, वहीत सही करायची, नोटा घ्यायच्या. आणि हे सगळं साध्या बटणाच्या फोनवर होतं, इंटरनेट नको, अ‍ॅप नको, सिमच्या मेनूतच सगळं आहे. स्मार्टफोनसाठी अ‍ॅप आहे, चांगलं आहे, पण ज्याच्याकडे नाही त्याचं काही अडत नाही, आणि मला वाटतं खरी ताकद तिथेच आहे.

एक सोय मला फार आवडते, नाव हाकिकिशा, म्हणजे खात्री करून घ्या, आपल्या हकीकतीचा भाऊच हा शब्द. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं आणि रद्द करायला थोडे सेकंद मिळतात. एकदा घाईत नंबरचा शेवटचा आकडा चुकीचा दाबला, भलतंच नाव आलं, लगेच थांबवलं.

पण मला लिहायचंय ते माझ्या सोयीबद्दल नाही. माझ्याकडे कार्ड आहे, बँक आहे, एम-पेसा नसतं तरी माझं काही बिघडलं नसतं. आमच्याकडे घरकामाला जी दादा येते (स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, घरकाम करणाऱ्या मुलीला सगळे दादाच म्हणतात) तिची आई पश्चिमेकडे काकामेगाच्या बाजूला खेड्यात असते, नैरोबीहून रात्रभराचा बसचा प्रवास. पगार झाला की पहिलं काम, ओट्याशी उभं राहून आईला पैसे पाठवणं. दोन मिनिटं पण लागत नाहीत. मग फोन करते, मिळाले का, आई म्हणते मिळाले. आईकडे साधा फोन आहे, वाचता फारसं येत नाही, पण मेसेजमधला आकडा कळतो, आणि गावच्या दुकानातच एजंट आहे. मी तिला विचारलं होतं, पूर्वी काय करायचे, तर म्हणाली गावाकडे कोणी जाणारं असलं तर त्याच्या हातात, नाहीतर पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे. कधी पोचायचे, कधी कमी पोचायचे, आणि आई आजारी असली तरी तिला पैसे जाऊन लागायला आठवडा.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. आजोबा लालबागला गिरणीत होते, आजी संगमेश्वरजवळ गावाला. दर महिन्याला मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली मजकुराला थोडी जागा असायची, तिथे दोन ओळी लिहून घ्यायचे, मी बरा आहे, पोराला शाळेत पाठव. आजीला वाचता यायचं नाही, पोस्टमन वाचून दाखवायचा, आजी अंगठा द्यायची, पैसे मोजून घ्यायची. अख्खं कोकण कित्येक वर्षं त्या मनीऑर्डरवर जगलं, आमचं घर तर जगलंच. माझे वडील त्यातूनच शिकले. त्यामुळे ओट्याशी उभी राहून पिन दाबणारी ही पोरगी बघते तेव्हा मला ते नुसतं पेमेंट वाटत नाही. शहरात राबणाऱ्या माणसाने गावातलं घर धरून ठेवलेलं असतं, तेच हे काम आहे. आजोबांची मनीऑर्डर पोचायला किती दिवस लागायचे, आणि मधल्या काळात आजी वाण्याकडे उधारी करायची, हे आजीच्याच तोंडून ऐकलंय.

एम-पेसा सुरू झालं मार्च २००७ मध्ये. त्यामागची गोष्ट मला फार छान वाटते. २००५ मध्ये चाचणी झाली ती कशासाठी, तर छोट्या गटांतल्या लोकांनी मायक्रोफायनान्सच्या कर्जाचे हप्ते फोनवरून भरावेत म्हणून. सफारीकॉममध्ये भागीदार असलेल्या व्होडाफोनचे पैसे आणि ब्रिटिश सरकारच्या मदत खात्याचं अनुदान. म्हणजे कल्पना अशी की बचत गटासारखी मंडळी हप्ता फोनवर भरतील, हिशेब सोपा होईल. पण लोकांच्या हातात आल्यावर लोकांनी ते भलत्याच कामाला वापरलं, एकमेकांना पैसे पाठवायला. त्याआधीही इथे लोक एअरटाईम म्हणजे टॉकटाईम पाठवून पैशासारखा वापरत होतेच. कंपनीने ते बघितलं आणि बाजारात आणताना घोषवाक्यच ठेवलं, घरी पैसे पाठवा. लोकांना जे करायचं होतं तेच त्यांच्या हातात दिलं. आपल्याकडे कितीतरी योजना कागदावर चांगल्या असतात आणि गावात जाऊन पडून राहतात, त्या बनवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

दुसरं म्हणजे इथल्या सेंट्रल बँकेने परवानगी दिली. टेलिफोन कंपनी पैसे हाताळणार म्हटल्यावर बँकांनी विरोध केला, चौकशीपण झाली, पण बंद नाही केलं. लोकांचे पैसे कंपनीच्या खिशात नाहीत, व्यापारी बँकांमध्ये ट्रस्टच्या खात्यात ठेवले जातात. हे मला सुरवातीला माहीत नव्हतं, कळल्यावर मन निर्धास्त झालं.

आता परिणाम काय झाला. २००६ मध्ये केनियात बँक किंवा तशा अधिकृत आर्थिक सेवेपर्यंत पोचलेले प्रौढ साधारण २७ टक्के होते, २०२१ मध्ये ८३ टक्क्यांच्या वर. सगळं श्रेय एकट्या एम-पेसाचं नाही पण मोठा वाटा त्याचाच. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी बरीच वर्षं घरोघर पाहणी करून २०१६ मध्ये जो अभ्यास छापला त्यात म्हटलंय की एम-पेसामुळे साधारण १ लाख ९४ हजार कुटुंबं अति गरिबीतून वर आली, म्हणजे देशातली २ टक्के कुटुंबं, आणि १ लाख ८५ हजार बायका पोटापुरत्या शेतीतून धंद्याकडे किंवा विक्रीकडे वळल्या. या आकड्यांवर टीकाही झाली आहे, काही अभ्यासक म्हणतात परिणाम फुगवून सांगितला. पण सुरी आणि जॅक यांचाच आधीचा एक निष्कर्ष मला जास्त पटतो कारण तो रोज डोळ्यांनी दिसतो. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, पीक गेलं की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च ७ टक्क्यांनी खाली यायचा, म्हणजे खाण्यापिण्यावर कात्री, आणि एम-पेसा असलेल्या घरांचा जवळजवळ खाली यायचा नाही, कारण भाऊ, बहीण, मावशी, मित्र, दहा ठिकाणाहून थोडे थोडे पैसे लगेच यायचे. आमच्या दादाची आई गेल्या वर्षी दवाखान्यात होती तेव्हा मी हेच बघितलं, दादाच्या फोनवर संध्याकाळपर्यंत मेसेजवर मेसेज, कुणाचे दोनशे, कुणाचे पाचशे. ती रडत होती आणि मेसेज वाचत होती.

आमची मामा म्बोगा, म्हणजे भाजीवाली (मामा म्हणजे आई), तिच्या फळीवर टिल नंबर, म्हणजे गिऱ्हाइकाने एम-पेसाने पैसे भरायचा दुकानाचा नंबर, रंगवलेला आहे. तिला मी विचारलं, याचा फायदा काय. म्हणाली रात्री कमरेला पैसे बांधून चालत घरी जावं लागत नाही. एवढंच म्हणाली. नैरोबीत रात्री एकटीने चालणाऱ्या बाईला त्याचा अर्थ काय ते इथे राहिल्यावरच कळतं. आणि नवऱ्याला दिसेल असा पैशाचा डबा घरात ठेवावा लागत नाही, हे मात्र तिने नाही, शेजारच्या टपरीवालीने सांगितलं.

आता जे पटत नाही ते.

चार्ज. यूपीआयची सवय असलेल्या आपल्या माणसाला हा पहिला धक्का. शंभर शिलिंगपर्यंत पाठवायला काही पडत नाही (एक शिलिंग म्हणजे आपले साधारण पासष्ट-सत्तर पैसे), पण त्यापुढे पडतं. मी बघितलेल्या दरपत्रकाप्रमाणे पाचशे पाठवायला ७ शिलिंग आणि समोरच्याने एजंटकडून काढले तर २९. म्हणजे पाचशेतले ३६ गेले, सात टक्के. हजाराला १३ आणि २९, चार टक्क्यांवर. रक्कम जितकी छोटी तितका टक्का मोठा, आणि छोटी रक्कम कोण पाठवतं? गरीबच. यात सरकारचा करही आहे, नुसत्या कंपनीला दोष देऊन चालणार नाही. कोविडमध्ये मार्च २०२० पासून वर्षअखेरपर्यंत हजार शिलिंगपर्यंतचं पाठवणं फुकट केलं होतं, म्हणजे करता येतं. माझ्या मते निदान हजारापर्यंत ते कायमचं फुकट असावं. आईला औषधाला पाठवलेल्या पैशातून सात टक्के कापले जाणं मला बरोबर वाटत नाही.

आणि दुसरी गोष्ट कर्ज. फोनवरच कर्ज मिळतं. एम-श्वारी २०१२ मध्ये आलं, बचतही आणि कर्जही, तीस दिवसांच्या कर्जाला साडेसात टक्के फी. वर्षाचा हिशेब मांडून बघा, नव्वद टक्के होतात. आपल्याकडे बचत गटात बायका महिन्याला दोन टक्क्यांनी घेतात आणि ते व्याज परत गटातच राहतं, त्या मानाने हे फारच. २०१९ मध्ये फुलिझा आलं, खात्यात पैसे कमी पडले तरी व्यवहार पूर्ण होतो, आणि मग रोजची फी लागत राहते. अडचणीला उपयोगी आहे हे मान्य, मुलाचा ताप रात्री अकराला वाढला तर कुणाकडे मागायचं. पण पगार आल्या आल्या त्यातून फुलिझा वळतं होतं आणि महिनाअखेर परत फुलिझा, असं चक्र मी ओळखीच्या दोघी-तिघींचं बघतेय. घरी पैसे पाठवायच्या सोयीने बाईला उभं केलं आणि त्याच फोनवरचं कर्ज तिला वाकवतं, याचा मला मनापासून त्रास होतो. इथे राहायला येणाऱ्यांनी तर त्या मेनूत जाऊच नये.

भारताशी तुलना होणारच म्हणून सांगते. व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये आपल्याकडेही आणलं होतं, चाललं नाही, २०१९ मध्ये बंद झालं. आपल्याकडे बँकेची खाती उघडली गेली, २०१६ मध्ये यूपीआय आलं, फुकट आलं, कुठल्याही बँकेचं कुठल्याही अ‍ॅपवर चाललं. त्या बाबतीत आपण पुढे आहोत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण गावाकडे माझ्या सत्तरीतल्या मावशीला यूपीआय येत नाही, स्मार्टफोन हाताळता येत नाही, पैसे काढायला तालुक्याला जावं लागतं. काकामेगाच्या त्या आईला नाही जावं लागत. गावात ओळखीची, विश्वासाची, वही घेऊन बसलेली एक बाई असणं, हे अ‍ॅपने भरून निघत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण चार्ज आणि कर्जासाठी कापला.

येणाऱ्यांसाठी थोडं. मोठी रक्कम काढायची असेल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा, एजंटकडे नोटा असतात, संध्याकाळी बऱ्याचदा संपलेल्या असतात. तुम्हाला भरायचे असतील आणि ती 'फ्लोट नाही' म्हणाली तर तिच्या फोनमधली शिल्लक संपलीय, पुढच्या टपरीत जा, दर पन्नास पावलांवर एक आहे. दुकानात टिल नंबर आणि पेबिल (बिल भरायचा) नंबर वेगळे असतात, विचारून घ्या. पिन कुणाला सांगू नका, चुकून पैसे आले परत करा असा फोन आला तर आधी स्वतःची शिल्लक बघा. आणि घरकामाला कुणी ठेवलीत तर तिचा पगार पाठवताना काढायचा खर्च वरून द्या. आम्ही देतो. महिन्याला फार पडत नाही आपल्याला.