एफ५जेचं नवं हलकं ग्लायडर: हंगामभर वापरल्यानंतर

एफ५जे म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या, विजेची मोटर लावलेल्या मॉडेल ग्लायडरची स्पर्धा. तिचा दक्षिण जर्मनीतला यंदाचा हंगाम संपला, तेव्हा आता या ग्लायडरबद्दल खात्रीनं लिहिता येईल. पंखविस्तार जेमतेम चार मीटरच्या आत (नियमाची मर्यादाच तेवढी), बॅटरीसकट वजन साधारण १२५० ग्रॅम, बांधणी कार्बनची.

सकाळी हवा पडलेली असताना याला तोड नाही. एफ५जेत मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते, आणि ती बंद केल्यावर पुढच्या १० सेकंदांपर्यंत गाठलेली कमाल उंची अल्टिमीटर (विमानातलं उंची मोजणारं यंत्र) नोंदवतो. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण जातो, त्यापुढे दर मीटरला तीन. हवेतल्या प्रत्येक सेकंदाचा एक गुण. म्हणजे १२० ऐवजी ६० मीटरवर मोटर बंद केली तर ३० गुण वाचतात, पण मग तिथून दहा मिनिटं काढायची! जुन्या जड ग्लायडरवर ६० मीटरला छातीत धडधडायचं. यावर मी तेवढ्यावरच थांबतो, कारण अगदी अशक्त थर्मलसुद्धा (वर चढणारी गरम हवा) हे ग्लायडर दाखवतं. शेपूट किंचित उचललं जातं, एक पंख हलकेच वर ढकलला जातो. त्याच बाजूला वळायचं, सपाट गिरकी धरायची आणि रिमोटच्या स्टिकला शक्यतो हात लावायचा नाही. बऱ्याचदा तिथे आधीच एखादी घार फिरत असते.

दुपारी वारा सुटला की मात्र हाच हलकेपणा महागात पडतो. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातं, त्यामागे आपणही जातो, उंची मिळते. पण परत फिरताना विमान आकाशात टांगल्यासारखं दिसतं. अशा वेळी बॅलास्ट (मुद्दाम घातलेलं जादा वजन) हवंच. २५० ग्रॅम घातलं की वजन २० टक्क्यांनी वाढतं आणि वेग साधारण १० टक्क्यांनी. घसरणीचा कोन जवळपास तोच राहतो, पण वाऱ्याविरुद्ध जमीन कापली जाते. वजन बरोबर गुरुत्वमध्यावर बसवा, नाहीतर सगळं ट्रिम (विमानाचा तोल) बिघडतं.

लँडिंगची तयारी उडवण्याइतकीच मन लावून करा. खुणेपासून एका मीटरच्या आत ५० गुण, म्हणजे १०० मीटर उंचीची भरपाई! फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या आतल्या झडपा) जवळजवळ काटकोनात खाली, एलेरॉन (टोकाकडच्या झडपा) थोडे वर, आणि नाक उचललं जाऊ नये म्हणून एलिव्हेटरचं मिक्सिंग, म्हणजे फ्लॅपबरोबर शेपटाची झडपही आपोआप हलेल अशी रिमोटमधली जुळणी. हे जुळवण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. आता ते अगदी चालत्या पावलाच्या वेगानं उतरतं. टेकण्याच्या क्षणी फ्लॅप वर घ्यायला विसरू नका. गवतात अडकून माझ्या एका फ्लॅपच्या सर्व्होचे (झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात गेले. तिथे धातूच्या गिअरचाच सर्व्हो हवा.

एकच ग्लायडर घेणार असाल तर सर्वांत हलकी बांधणी घेऊ नका, मधली घ्या. मी याच धडासाठी पंखांची आणखी एक भक्कम जोडी मागवली आहे. हे पंख सकाळच्या फेऱ्यांना, ते दुपारच्या.