ठाण्यातल्या टूरवाल्यांसोबत स्पेनचा ख्रिसमस केला, कसा होता सांगते

आम्ही चौघं, आई-बाबा धरून, नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांकडून डिसेंबरमध्ये स्पेनला गेलो. लायटिंग म्हणाल तर मालागाचा काये लारिओस रस्ता बघाच, अख्ख्या रस्त्यावर दिव्यांच्या कमानी आणि गाण्याच्या तालावर त्यांचा शो, आई तर मान वर करून नुसती उभीच राहिली.

पण मला सगळ्यात आवडला बार्सिलोनाच्या कॅथेड्रलसमोरचा सांता लुसियाचा बाजार, 1786 पासून भरतोय म्हणे. तिथे येशूजन्माचा देखावा मांडायला शेवाळ, झाडाच्या साली, बोटाएवढ्या मातीच्या बाहुल्या विकायला असतात, म्हणजे अगदी आपला दिवाळीचा किल्ला आणि मावळेच हो! बाबांनी हातात टोपली घेतलेली एक म्हातारी निवडून आणली, आता ती आमच्या शोकेसमध्ये आहे.

माद्रिदला चुरोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) आणि घट्ट चॉकलेट खाल्लं, 31 ला रात्री पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाच्या बाराही ठोक्यांना एकेक द्राक्ष, गर्दी राम मारुती रोडच्या दिवाळी पहाटेसारखी.

तक्रार एकच पण मोठी. 24 ला संध्याकाळी तिथे बहुतेक हॉटेलं लवकर बंद होतात, लोक घरी जेवतात, हे टूरवाल्यांनी आधी सांगायलाच हवं होतं ना. वयस्कर माणसांना घेऊन तासभर थंडीत फिरलो, शेवटी रूमवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आणि परतीचं तिकीट 3 तारखेचं, म्हणजे 5 जानेवारीची तीन राजांची (बाळ येशूला भेटायला आलेले तेच) मिरवणूक हुकली, जी तिथल्या पोरांसाठी खरी मजा असते, राजेच गिफ्ट आणतात. बुक करताना 6 पर्यंतचंच मागा.