थर्मोस्टॅट: घरी बदलायचा, गॅरेजमध्ये, की काढूनच टाकायचा?

मे महिन्यात गाडीचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की ग्वाल्हेरला एक सल्ला हटकून मिळतो: "थर्मोस्टॅट निकलवा दीजिए, इतनी गर्मी में उसका क्या काम!" म्हणून घरी की गॅरेजमध्ये हे नंतर ठरवू. आधी या तिसऱ्या वाटेचा निकाल लावू. आज ती सगळ्यांत स्वस्त वाटते, पण पुढे सगळ्यांत महागात पडते.

थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि कूलंट (इंजिन निववणारं द्रव) इंजिनातच फिरतो. बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास (नेमका आकडा झडपेवरच कोरलेला असतो) मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. झडपच नसेल तर इंजिन लवकर तापत नाही. गाडीचा कॉम्प्युटर त्याला गारच समजतो, पेट्रोल जास्त सोडतो आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पारा 5 अंशांच्या खाली जातो. तेव्हा शहरातल्याच लष्कर भागातून फुलबागेपर्यंतच्या फेरीत अशी गाडी धड तापणारच नाही, हीटरही गार वारा फेकेल.

यापेक्षा मोठा धोका फारसा कुणी सांगत नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती, गाडी तापल्यावर, बायपासची वाट (गार इंजिनात कूलंट रेडिएटर टाळून जिथून फिरतो ती) बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. म्हणजे ज्या मे महिन्यासाठी तो काढला, त्याच मे महिन्यात गाडी जास्त तापू शकते. ही वाट मी तरी सोडूनच देईन.

आता खरी निवड. त्याआधी दोष थर्मोस्टॅटचाच आहे ना, हे बघा. कूलंट कमी असणं, पंखा न फिरणं, बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी रेडिएटर तुंबणं, यांनीही काटा चढतो. काटा चढलाय आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप गारच आहे, तर झडप बहुधा बंद अवस्थेत अडकली. काटा मध्यापर्यंत येतच नसेल आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी 0128 हा कोड दिसत असेल, तर झडप बहुधा उघडी अडकली.

बॉनेट उघडून त्या वरच्या पाइपाचं इंजिनाकडचं टोक शोधा. तिथे दोन-तीन बोल्टांचं झाकण असेल आणि हात सहज पोचत असेल, तर काम घरी करा. पैसे वाचतात, पण माझ्या मते मोठा फायदा निगुतीचा आहे. घाईत असलेला मिस्त्री नळाचं पाणी ओततो, जुन्या गॅस्केटचे (सांध्यातल्या सीलचे) तुकडे नीट खरवडत नाही. तुम्ही गाडीच्या पुस्तिकेतलाच कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घालाल. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी जुन्या पातेल्यात, तळाला टेकणार नाही असा, दोरीने टांगून उकळत्या पाण्यात उघडतो का तेही बघाल. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात नको.

काम पहाटे करा, रात्रभर निवलेल्या इंजिनावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळता कूलंट अंगावर उडतो. काढलेला कूलंट घमेल्यात धरा. तो चवीला गोड पण विषारी असतो आणि गल्लीतली गाय किंवा कुत्रा तो चाटायला वेळ लावत नाही. थर्मोस्टॅटवर छोटी हलती पिन असेल तर ती वर ठेवा, तिथूनच हवा निघते. बोल्ट हाताच्या बेताने आवळा, प्लास्टिकचं झाकण जोर केला की तडकतं.

थर्मोस्टॅट इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे दडलेला असेल, सेन्सर आणि वायरीसकट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये येत असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर सरळ गॅरेज गाठा. कूलंटमध्ये ऑइल किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलची) शंका घ्यावी लागते, मग घरचं काम नकोच. गॅरेजमध्येही कूलंट स्वतःचा न्या आणि जुना भाग परत मागा.

दोन्हीकडे काम बिघडतं ते हवा काढताना. गाडीचं तोंड थोडं वर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन गार असतानाच सुरू करायचं. बुडबुडे थांबेपर्यंत पाइप दाबत राहायचं, कूलंट उतरेल तसा भरायचा, झाकण लावायचं आणि पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत काट्यावर नजर ठेवायची. काही गाड्यांत यासाठी वेगळा स्क्रू असतो, पुस्तिकेत बघा. एवढा वेळ शांतपणे देणं जमणार नसेल, तर थर्मोस्टॅटचं झाकण हाताशी असूनही गॅरेजच बरं. दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा तपासा, आणि त्याआधी आग्र्याला किंवा झाशीला गाडी काढू नका.